मोटरसायकल मेळावा आणि रानातला मुक्काम: बेळगाव सीमाभागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली, खानापूरकडची भातकापणी उरकत आली की माझा फोन वाजायला लागतो. कुणाला गोव्याच्या मेळाव्याला जायचं असतं, कुणाला इथंच जांबोटीच्या बाजूला एखाद्या रानात दोन रात्री काढायच्या असतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथवर उभं राहून तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

मेळावा म्हणजे नक्की काय असतं? शर्यत असते का?

नाही. शर्यत बघायची असेल तर दुसरीकडे जा. मेळावा म्हणजे शे-दोनशे गाड्या एका माळावर येतात, सोडल्या जातात म्हणजे उभ्या केल्या जातात, लोक एकमेकांच्या गाडीभोवती उकिडवे बसून "हा कार्ब्युरेटर कुठला बसवलास?" असं विचारतात, जेवतात, रात्रभर बडबडतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. कुठे चिखलातून गाडी काढायचा खेळ असतो, कुठे सगळ्यात सावकाश गाडी चालवायची चढाओढ. या सावकाश चालवण्यात भलेभले पाय टेकतात. माझं विचाराल तर मेळाव्यातली खरी परीक्षा तीच.

हे बाहेरून आलेलं फॅड नाही का?

बाहेर याला जुना इतिहास आहे. अमेरिकेत साउथ डकोटामधल्या स्टर्जिस गावचा मेळावा १९३८ साली सुरू झाला. जर्मनीत १९५६ पासून ऐन बर्फात तंबू ठोकून बसणारा 'हत्ती मेळावा' भरतो. त्सुंडाप कंपनीच्या एका हिरव्या, धिप्पाड मोटरसायकलला लोक हत्ती म्हणायचे, त्यावरून ते नाव पडलं. आपल्याकडे गोव्यात इंडिया बाईक वीक २०१३ पासून सुरू झाला. रॉयल एनफिल्डचा रायडर मेनिया त्याहून जुना, २०२३ पासून त्याला मोटोव्हर्स म्हणतात.

पण मुक्कामाची गोष्ट कराल तर ती आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला, मार्गशीर्षात सौंदत्तीच्या डोंगरावर लोक कसे जातात? बैलगाड्या घेऊन, रानात गाड्या सोडून, तीन दगडांची चूल मांडून. माझी आजी सांगायची, गाडी सोडताना आधी पाणी बघायचं, मग वारा, मग शेजार. तंबू ठोकताना मी अजूनही याच क्रमाने बघतो. फरक एवढाच की आपल्या गाडीला कडबा घालावा लागत नाही.

माझ्याकडे साधी स्प्लेंडर आहे. हसतील का?

हसणारा एखादा भेटेल. त्याची गाडी संध्याकाळी सुरू होत नसते आणि ढकलायला तुम्हालाच बोलावतो. १०० सीसीवर दोन माणसं आणि मण-दीड मण सामान मात्र लादू नका. एकटे या, सामान कमी आणा, घाटात मागच्याला वाट द्या.

जुनी गाडी असेल तर उलट मान जास्त. यामाहाची आरएक्स १०० आणि म्हैसूरला बनलेली येझदी दिसली की पन्नाशीचे लोक हळवे होतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जगभर आपला दिवस साजरा करतात. पण तेव्हा आपल्याकडे धो धो पाऊस. सकाळी फेरी मारा, चहा प्या, घरी या. तंबूचा विचार करू नका.

मग मुक्कामाला योग्य महिने कुठले?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. भात निघालेलं असतं, रानं मोकळी असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईचे लोक "कर्नाटकात काय थंडी?" म्हणून पातळ चादर घेऊन येतात आणि पहाटे तीनला चुलीपाशी सापडतात. थंडीपेक्षा दव वाईट. खानापूर-कणकुंबीच्या पट्ट्यात पहाटे तंबूवरून पाणी ओघळतं, रात्री आरशावर टांगलेलं जॅकेट सकाळी पिळून घ्यावं लागतं. अंगावरचं सगळं रात्री आत घ्या.

मार्च-एप्रिलमध्ये वळीव येतो. आणि वळीव काळ्या मातीवर आला की काय होतं ते पुढे सांगतो.

पुण्या-कोल्हापूरकडून येताना काय लक्षात ठेवू?

रस्ता सोपा आहे: कोल्हापूर, कागल, कोगनोळीला सीमा, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, बेळगाव. कोल्हापुरापासून साधारण ११० किलोमीटर, पुण्यापासून ३४० च्या आसपास. महामार्गावर दुचाकीला टोल नाही, डाव्या कडेच्या पट्टीतून निघा. पेट्रोल सहसा सीमेच्या अलीकडे महाराष्ट्रात महाग आणि पलीकडे कर्नाटकात स्वस्त असतं, तेव्हा निपाणीत टाकी भरलीत तर चार पैसे वाचतात.

लोक मला विचारतात, घाट धोक्याचा आहे का? घाटाचं मला काही वाटत नाही. मला भीती उसाची. मेळाव्यांचे दिवस आणि कारखान्यांचं गाळप एकाच वेळी चालतं. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक, कुठेही जा, संध्याकाळनंतर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. टेपचा आवाज मात्र अर्ध्या कोसावरून ऐकू येतो. काळोखात काळी ट्रॉली आणि तिच्याबाहेर दोन-दोन हात लोंबणारा ऊस. समोरच्या दिव्याने डोळे दिपले की ती दिसतच नाही. शिवाय रस्त्यावर सांडलेला ऊस चाकांखाली चिरडून त्याचा जो लगदा होतो, त्यावर पुढचा ब्रेक दाबलात तर गाडी हातात राहत नाही. म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. हा एक नियम पाळलात तर बाकी अर्धं पान वाचलं नाही तरी चालेल.

आम्ही गोव्याला निघालोय, बेळगावात फक्त रात्र काढायची आहे. पुढे कुठला घाट घ्यावा?

चोर्ला सगळ्यात जवळचा. पिरनवाडीला उजवीकडे वळायचं, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, खाली केरी आणि साखळी. पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कणकुंबीला माऊलीच्या देवळापाशी थांबा, मलप्रभा तिथं उगम पावते. जांबोटीच्या पुढे पेट्रोल पंपाचा आणि मोबाईलच्या रेंजचा भरवसा धरू नका. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

अनमोड घाट खानापूर-लोंढ्यावरून मोल्याला उतरतो. दक्षिण गोव्यात जायचं असेल तर तो. आंबोली म्हणजे बेळगाव-वेंगुर्ला रस्ता: हिंडलगा, बाची, शिनोळी, पुढे चंदगड तालुका. वेळ असेल तर मी हाच घेतो. लांब पडतो, पण झाडी दाट. तिलारी घाटाचा उतार मात्र फार तीव्र आहे. सामान लादलेल्या गाडीवर, मागे माणूस बसवून, पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिकडून उतरू नये. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये इंजिनच्या जोरावर गाडी धरून उतरायचं असतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर निम्म्या घाटात ब्रेक तापून दाबाला दाद देईनासे होतात.

गाडीचा नंबर एमएच आहे. पोलीस अडवतात का?

अडवतात तसे आमच्या केए नंबरला कोल्हापुरात अडवतात. हिशेब बरोबरीचा. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी एवढं हवं. डिजिलॉकरमधली कागदपत्रं चालतात, फक्त चोर्ल्याच्या रेंज नसलेल्या वळणावर ती उघडणार नाहीत. ती आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, नाहीतर झेरॉक्स ठेवा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. दोन दिवसांच्या मेळाव्याला त्याचं काही नाही.

हेल्मेट दोघांनाही, आयएसआय खुणेचं, पट्टा लावून. कोपरात अडकवलेलं हेल्मेट फक्त कोपर वाचवतं.

गाडीला झेंडा लावला तर?

लावू नका. कुठलाच. मी मराठी माणूस आहे, माझी मतं मला आहेत, पण दोनशे गाड्यांच्या मेळाव्यात एका झेंड्यामुळे दुसरा येतो आणि मग दोन्हीकडच्या पोरांना रात्र पोलीस ठाण्यात काढावी लागते. १ नोव्हेंबरला तर बेळगावात शिरायचंच नाही असं ठरवा. त्या दिवशी इकडे मराठी लोक काळा दिन पाळतात आणि तिकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते. रस्ते बंद, बंदोबस्त, बाहेरच्या नंबरवर सगळ्यांची नजर. तसंच हिवाळ्यात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा लॉज भरलेले असतात आणि हलग्याच्या बाजूला महामार्गालगत मोर्चे असतात. तारखा बघून या.

कन्नड येत नाही. अडेल का?

शहरात, खानापुरात, निपाणीत मराठीत भागतं. गोकाक-सौंदत्तीकडे वळलात तर चार शब्द खिशात असू द्या. "पंक्चर अंगडी एल्लि?" म्हणजे पंक्चरचं दुकान कुठं आहे. "नीरु बेकु", पाणी हवं. "एष्टु?", किती झाले. मोडकं बोला, हसून बोला. समोरचा निम्म्या वेळा मराठीतच उत्तर देतो. पाट्यांवर गाव 'बेळगावी' दिसेल, गोंधळू नका. २०१४ पासून सरकारी नाव ते आहे.

आमच्या गाड्यांना मोठे सायलेंसर आहेत. चालतील का?

कायद्याने नाहीत, आणि माझ्या मताने त्याहून नाहीत. गाडीत कंपनीने दिलेलं बदलायला कायदा आडवा येतोच. पण रात्री दहा वाजता गावाच्या कडेला फटाके फोडत गाडी फिरवणाऱ्या पोरामुळे आमचं एक चांगलं रान कायमचं गेलं. गोठ्यातली गाभण म्हैस बिथरली होती. मालक भांडायला आला नाही. पुढच्या वर्षी त्याने एवढंच सांगितलं, "औंदा रान मोकळं न्हाई." ते मोकळंच होतं. आम्ही बघितलं की.

रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकरही बंद ठेवायचा असतो. जनरेटरवर गाणी लावायची हौस असेल तर तेवढं ध्यानात ठेवा.

तंबू कसला घेऊ?

दोन माणसांचा घ्या, एकटे असलात तरी. एक माणूस आणि एक जॅकेट-बूट-हेल्मेट मिळून दोन माणसंच होतात. वर वेगळं पावसाळी आवरण असलेला घ्या, एकपदरी तंबूत आतून घाम धरतो. खाली अंथरायला जाड प्लास्टिक हवं, पण ते तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. बाहेर राहिलेल्या कडेवर दव साठून सरळ पाठीखाली येतं. ही चूक सगळे एकदा करतात.

तंबूबरोबर येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या आमच्या जांभ्या जमिनीत केळीच्या सालासारख्या वाकतात. उद्यमबागेत कुणालाही आठ मिलिमीटरची सळी तोडून, एक टोक वाकवून मागा. आठ-दहा खुंट्या हव्यात. वजन वाढतं, पण रात्री झोप लागते.

तंबू नेमका कुठं ठोकायचा?

वारा इथं बहुतेक पश्चिमेकडून, घाटावरून वर येतो; थंडीत पूर्वेचाही लागतो. मूठभर माती उडवून बघा आणि तंबूची पाठ तिकडे करा. बांधाला खेटून नको, बांधात बिळं असतात. झाडाखाली नको, वाळक्या फांद्या पडतात आणि रात्रभर दव टपटपत राहतं. भाताच्या खाचरात ठोकायचा असेल तर वरच्या खाचरात. खालच्या खाचरात ओल राहते आणि पाऊस आलाच तर पाणी तिथंच येतं. कापलेल्या भाताची धसकटं पायाला आणि तंबूच्या तळाला दोन्हीकडे टोचतात, तेवढी जागा आधी बुटाने आडवी करून घ्या.

पूर्वेकडे, चिकोडी-अथणीच्या काळ्या रानात, जमीन कोरडी असताना मऊ गादी वाटते. वळवाची एक सर आली की तीच माती मडगार्डमध्ये भरून चाक फिरेनासं करते. एकदा रायबागजवळ आम्ही अकरा जणांनी नऊ गाड्या डांबरी रस्त्यापर्यंत अक्षरशः उचलून नेल्या. अंतर दीडशे पावलांचं होतं, वेळ अडीच तास लागला. काळ्या रानात उतरलात तर गाड्या सडकेच्या कडेला सोडा आणि सामान खांद्यावर न्या.

साइड स्टँड जमिनीत रुतून गाडी पडते. काय करू?

कौलाचा तुकडा. खानापूर तालुक्यात कौलं आणि मडकी पिढ्यान्‌पिढ्या होतात, फुटकं कौल कुठल्याही घरामागे पडलेलं असतं. मागून घ्या, उचलून आणू नका. चपटा दगडही चालतो. आणि गरम सायलेंसर वाळल्या गवतावर टेकू देऊ नका. गाडी उभी करण्याआधी खालचं गवत बाजूला सारा.

जंगलात कॅम्प केला तर? भीमगडाचे फोटो फार सुंदर दिसतात.

दिसतात. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथंच काय, वनखात्याच्या कुठल्याही जमिनीत परवानगीशिवाय तंबू ठोकणं, आग पेटवणं गुन्हा आहे. पावसाळ्यात तर खानापूरकडच्या धबधब्यांवर जायलाही अनेकदा बंदी असते. मेळावा किंवा मुक्काम मालकीच्या रानात, मालकाला विचारून. "कुणी बघत नाही" असं वाटेल तेव्हा समजा की गुराखी केव्हाचा बघतोय.

गवे, अस्वल, साप... काय काय भेटतं?

खानापूर-चंदगडच्या रस्त्यांवर गवा ही खरी गोष्ट आहे. संध्याकाळी आणि पहाटे तो रस्ता ओलांडतो. अंग काळं, रस्ता काळा. पायाला पांढरे मोजे घातल्यासारखं असतं, लांबून दिव्यात तेच आधी दिसतं. एक गेला म्हणून गाडी पुढे काढू नका, मागे कळप असतो. हॉर्न नको, दिवा खाली करा, थांबा. २००२ पासून दांडेलीच्या जंगलातून चंदगड-दोडामार्गाकडे हत्तीही आलेत. सोंड दिसली तर फोटो काढायला उतरणारा मूर्ख तुमच्या ग्रुपमध्ये नसावा, एवढीच प्रार्थना.

साप बांधाच्या आणि पिंजराच्या, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्याच्या, आसपास. बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे. रात्री बाहेर जाताना बॅटरी. चावलाच तर कापणं, बांधणं, चोखणं काही करू नका. १०८ ला फोन, माणसाला हलू देऊ नका, थेट मोठ्या दवाखान्यात.

माकडतापाबद्दल ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि बाहेरून येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. हा ताप १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. आता दोडामार्ग आणि खानापूरकडेही त्याचे रुग्ण सापडलेत. तो गोचिडांमुळे होतो, आणि गोचिडांचा जोर थंडी-उन्हाळ्यात, म्हणजे नेमका आपल्या मुक्कामाच्या दिवसांत असतो. पालापाचोळ्यात बसू-झोपू नका, पँट मोज्यात खोचा, रात्री झोपण्याआधी काखा-जांघा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, गावात सांगा. घरी गेल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरला "मी खानापूरच्या रानात झोपलो होतो" हे वाक्य आठवणीने सांगा.

शेकोटी पेटवता येईल ना?

येईल, मालकाने जागा दाखवली तर, आणि गंजीपासून लांब. 'लांब' म्हणजे किती हे मी महागात शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही सोळा जण एका रानात उतरलो होतो. गंजी चाळीस पावलांवर होती, पुरेसं वाटलं. रात्री अकराच्या सुमारास वारा फिरला, एक ठिणगी उडाली. आम्ही हेल्मेटांमध्ये पाणी भरभरून विझवलं (हेल्मेटात तीन-चार तांबे पाणी मावतं, कळलं). तरी पाव गंजी गेली. सकाळी आम्ही वर्गणी काढून, आम्हाला वाटलं भरपूर, पैसे मालकासमोर ठेवले. मामा म्हणाले, "पैशे ठेवा की. पण म्हशीनं नोटा खायाला शिकाया पायजे न्हवं?" त्या वर्षी पिंजर विकत मिळणंच मुश्किल होतं. शेवटी दुसऱ्या गावातून ट्रॉली भरून आणून दिली, तेव्हा कुठं त्यांच्या घरात चहा घशाखाली उतरला.

तेव्हापासून शेकोटी खड्ड्यात, भोवती दगड, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या, आणि झोपण्याआधी राखेत हात घालून बघायचं. हात घालवत नसेल तर विझलेली नाही.

दारूचं काय?

पिणारे पितात, न पिणाऱ्याला कुणी धरत नाही. गाडी मात्र एकदा सोडली की किल्ली खिशात. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा, आणि रात्री दोनपर्यंत बसलेल्याच्या रक्तात ती सकाळी सातला असू शकते. गोव्याहून येताना स्वस्त मिळते म्हणून बाटल्या भरून आणणाऱ्यांसाठी: परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडून नेणं बेकायदा आहे, आणि तपासणी करणारे सगळ्यात आधी सॅडलबॅगच उघडायला लावतात.

जेवणाचं काय करायचं?

बऱ्याच ठिकाणी गावातल्या बायका मिळून जेवण करून देतात: भाकरी, मसुरीची आमटी, वांगं, सुकं मटण. आदल्या दिवशी माणसं मोजून सांगा आणि सांगितलेल्या संख्येचे पैसे द्या, चार कमी आले तरी. सकाळी उप्पीट आणि चहा. गोडाला कुंदा बेळगावातून घेऊन या, गोकाकवरून येत असाल तर तिथली करदंट ही मिठाई आणा. रानात कुत्र्याने पळवलं नाही तर खिशातलं करदंट पुढचे दोन घाट पुरतं. खाऊ तंबूत उघडा ठेवू नका; मुंग्या, कुत्री आणि रानडुकरं, या क्रमाने हजेरी लागते.

मुली आल्या तर सुरक्षित आहे का? आणि संडासाची सोय?

दोन्ही प्रश्न एकत्र घेतो, कारण मेळाव्याला येणाऱ्या आमच्या मैत्रिणी ते एकत्रच विचारतात. आयोजकाला फोन करून स्पष्ट विचारा: बायकांसाठी वेगळा संडास आहे का, त्याला आतून कडी आहे का, तिथं दिवा आहे का. उत्तर गोलमाल आलं तर जाऊ नका. संडासाचा विचार न केलेल्या माणसाने सुरक्षेचा केलेला नसतो, हे माझं नाही, गेली कित्येक वर्षं एकटीने बुलेट चालवणाऱ्या एका ताईंचं मत आहे आणि मला ते शंभर टक्के पटलंय. तंबू मालकाच्या घराच्या बाजूला ठोका. घरातल्या मावशींशी आल्या आल्या ओळख करून घ्या. त्यानंतर तुमच्यावर त्यांचा जो पहारा बसतो, तो कुठल्याही बाउन्सरला जमणार नाही.

गाडी बिघडली तर?

क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची वायर, एक प्लग, पंक्चरचं सामान, चेनलॉक, थोडी तार, इन्सुलेशन टेप. एवढं जवळ असलं की पुढच्या गावापर्यंत जाता येतं. आणि बेळगावपर्यंत पोचलात तर मग काळजी नको. हे फाउंड्र्यांचं आणि लेथचं गाव आहे. जुन्या गाडीचा बाजारात न मिळणारा बुश नमुना बघून तासाभरात कातून देणारी माणसं इथं अजून आहेत. रविवारी मात्र सगळं बंद, म्हणून बिघडायचं असेल तर शनिवारी बिघडा.

ग्रुपने येताना कसं चालवायचं?

सरळ रस्त्यावर तिरकी रांग, घाटात एकामागे एक. सगळ्यात नवखा दुसऱ्या नंबरवर, सगळ्यात जाणता शेवटी, दुरुस्तीची हत्यारं त्याच्याकडे. वळणावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. दहापेक्षा जास्त गाड्या असतील तर दोन तुकड्या करा, नाहीतर मधल्या एसटीवाल्याच्या शिव्या सगळ्यांना सारख्या वाटून मिळतात.

घरचे पाठवत नाहीत.

पहिल्या वेळी दिवसा जाऊन संध्याकाळी परत या. दुसऱ्या वेळी मुक्कामाच्या जागेच्या मालकाचा नंबर आईला द्या. पोचल्यावर फोन करा, आणि रेंज नसणार हे आधीच सांगून ठेवा. न सांगितलेल्या 'आउट ऑफ कव्हरेज'मुळेच पुढच्या वर्षीची परवानगी जाते.

रानाचे पैसे किती द्यायचे?

मालक बहुतेक वेळा "द्या की काय द्यायचं ते" म्हणतो. त्यावर "बरं" म्हणून शंभराची नोट काढणारे बघितलेत. त्याऐवजी आदल्या दिवशीच बोलून आकडा ठरवा, आणि तो त्याच्या बायकोसमोर ठरवा, कारण खरा आकडा तिला माहीत असतो. निघताना खुंट्यांची भोकं पायाने बुजवा, चुलीचे दगड होते तिथं ठेवा, प्लास्टिक आपल्या बॅगेत. बाटल्यांची टोपणं विशेष शोधा. नांगरटीत वर येतात. मग मालकाला बोलावून रान एकदा फिरून दाखवा. तो म्हणतो, "ऱ्हाऊ दे, बघायचं काय त्यात?" तरी बांधापर्यंत येतो, आणि बघतो.